पडद्यावरचे शेजारी

दिवाळीच्या चार दिवसांत मराठी घरांतून दोन गोष्टी हटकून घडतात. एक म्हणजे फराळाच्या ताटांची देवाणघेवाण आणि दुसरी म्हणजे फराळ करता करता रंगणारा वाद. या वादांना विषयांचा तोटा कधीच नसतो. परंतु लहानथोर, सासूसून, आजोबा-नातू अशा सर्वांना सारखाच भाग घेता येईल असा विषय एकच : आजवर पाहिलेल्यांत सर्वांत आवडता चित्रपट कोणता? आजोबा ‘संत तुकारामा’वरून हलत नाहीत, वडील ‘दो बिघा जमीन’चे नाव घेतात, आई ‘श्यामची आई’ म्हणते आणि डोळे पुसते, आणि नातू कोठल्याशा जपानी किंवा इराणी चित्रपटाचे नाव सांगून सगळ्यांना गप्प करतो.

आमच्या अँटॉप हिलमध्ये हा वाद जरा अधिकच रंगतो. दादर-गिरगावकडच्या माणसाला अँटॉप हिल म्हटले की पटकन काही आठवत नाही. वडाळा आणि शीव यांच्यामधली ही एक टेकडी. तिच्या आसपास केंद्र सरकारच्या नोकरांसाठी बांधलेल्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि बदलीच्या हुकमाबरोबर सबंध हिंदुस्थान येथे बिऱ्हाड करून राहू लागला. एका जिन्यावर मराठी कारकून, समोर तामिळ हिशेबनीस, वर बंगाली बाबू आणि खाली केरळचे कुटुंब, असा हा शेजार. पलीकडे शीव-कोळीवाड्यात फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांची वस्ती, अलीकडे माटुंग्यात दाक्षिणात्यांची. अशा ठिकाणी शेजारी गेलेले फराळाचे ताट कधी रिकामे परत येत नाही. चकलीच्या बदल्यात मुरुक्कू येते आणि करंजीच्या बदल्यात संदेश. आवडत्या चित्रपटांचेही तसेच. आपण एक नाव सांगावे आणि शेजाऱ्याने दुसरे सांगावे. आपल्या चित्रपटांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा अशा ताटांच्या ये-जा करण्याचाच इतिहास आहे असे दिसते.

पहिले ताट आले ते थेट फ्रान्समधून. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने हलती चित्रे दाखविली. तिकीट एक रुपया, म्हणजे त्या काळी चैनच. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, अशी ती मिनिटभराची दृश्ये. प्रेक्षकांत छायाचित्रकाराचा व्यवसाय करणारे एक मराठी गृहस्थ होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती टिपली. पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजचा मान मिळवून १९०१ साली परत आले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. फ्रेंचांनी आगगाडी दाखविली. आपण परत केलेल्या ताटात कुस्ती ठेवली आणि वर आपल्या रँग्लरचा मान ठेवला!

यानंतरची हकीकत दादासाहेब फाळक्यांची. ती पुष्कळांना ठाऊक आहे, परंतु तिच्यातल्या एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. १९११ च्या सुमारास गिरगावातल्या एका चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा एक विलायती चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि खुर्चीवर बसलेल्या फाळक्यांना राम आणि कृष्ण चालताना दिसत होते. पुन्हा पाहायला जाताना त्यांनी पत्नीला, सरस्वतीबाईंना, बरोबर नेले. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हेच. चित्रपट मनापासून आवडला म्हणजे माणसाला तो एकट्याने पाहवत नाही. कोणाला तरी हाताला धरून नेऊन तो दाखवावासा वाटतो.

मग १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ चित्रित करून त्यांनी भांडवलवाल्यांची खात्री पटविली. सरस्वतीबाईंचे दागिने या यज्ञात गेले. दादरच्या घरी सगळ्या नटमंडळींचा स्वयंपाक त्यांनीच रांधायचा आणि अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकेही त्यांनीच पाडायची. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात ही सारी धडपड हसतखेळत मांडली आहे; घरातल्या मुलांना फाळके दाखवायचे असतील, तर याहून चांगला रस्ता नाही.

फाळक्यांनी देव चालविले, तर ‘प्रभात’ने संत. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. देहूचा वाणी इटलीच्या रसिकांना कसा भावला असेल? आम्हांला वाटते, यात विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबाइतकाच गौरी या अभिनेत्रीच्या जिजाईचा हात असावा. घरात दाणा नाही, पोरगे आजारी आणि नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला. म्हणून हातात वहाण घेऊन देवाला जाब विचारायला निघालेली ही बाई कोणत्याही देशात ओळखीची वाटावी. सदेह वैकुंठाला निघालेल्या नवऱ्याबरोबर जायलाही ती तयार नाही. पोरांच्या तोंडी घास कोण घालणार? भक्तिपट म्हणून पाहायला गेलेला माणूस एक संसार पाहून परत येतो.

हाणामारीच्या चित्रपटांकडे आमच्या विद्वान मंडळींनी नेहमीच नाक मुरडले. परंतु परळ-लालबागच्या कामगारांनी मुरडले नाही. जे. बी. एच. वाडिया हे डग्लस फेअरबँक्सचे भक्त. अमेरिकेतल्या त्या तलवारबाज ‘झोरो’चे वेड घेऊन त्यांनी आणि त्यांचे बंधू होमी यांनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोन काढली आणि परळच्या लवजी कॅसलमध्ये स्टुडिओ थाटला. पण झोरोच्या जागी त्यांनी उभी केली एक बाई! ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जन्मलेली मेरी इव्हान्स ‘नादिया’ झाली आणि ‘हंटरवाली’ (१९३५) होऊन चाबूक फडकावू लागली. ज्या काळी घरातली बाई मोठ्याने बोलली तर भुवया उंचावत, त्या काळी ही गोरी बाई धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांना लोळवीत होती आणि पिटातला गिरणीकामगार शिट्या वाजवीत होता. पुढे १९४२ मध्ये याच जागेत शांतारामबापूंचे राजकमल कलामंदिर सुरू झाले. खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट राजकमलचा. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या प्रयोगावर आधारलेल्या या कथेने १९५८ मध्ये बर्लिनचे रौप्य अस्वल मिळविले. चाबकाने दुष्टांना सरळ करणारी नादिया आणि प्रेमाने खुन्यांना सरळ करणारा जेलर यांनी परळच्या एकाच आवारात पाठोपाठ बिऱ्हाड करावे, ही गंमत मुंबईतच घडू शकते.

आता गरिबाच्या चित्रपटाकडे वळू. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार झालेल्या शेतकऱ्याची ही कथा नारायण हरी आपटे यांची, आणि तरुण शेतकरी झाले होते स्वतः शांताराम. गिरणगावातल्या कितीतरी प्रेक्षकांची ही आत्मकथाच होती. परंतु पुढची पंचवीस वर्षे ही वाट बरीचशी ओसच राहिली.

मग जानेवारी १९५२ उजाडला. हिंदुस्थानातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि इटलीहून डी सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) आला. गोष्ट किती साधी! भिंतींवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी लागली आहे, पण त्यासाठी सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकते, सायकल सुटते आणि पहिल्याच दिवशी चोरीला जाते. बाप आणि लहानगा ब्रुनो दिवसभर रोम शहर पालथे घालतात. शेवटी बापच एका सायकलीला हात घालतो, पकडला जातो, आणि मुलगा ते पाहतो. बापाचे काम करणारा माणूस नट नव्हता. कारखान्यातला कामगार होता. ज्याने एकदा तरी गहाणवटाची पावती घडी करून खिशात ठेवली आहे, त्याला हा चित्रपट समजण्यासाठी इटालियन यावी लागत नाही.

त्या महोत्सवातून भारावून बाहेर पडलेल्यांत बिमल रॉय आणि त्यांचे सहकारी होते. पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ (१९५३) आला. मूळ कथा सलील चौधरींची. बलराज साहनींनी कलकत्त्याच्या रिक्षावाल्यांत मिसळून रिक्षा ओढण्याचा सराव केला आणि ‘शंभू’ उभा केला. जमीन वाचविण्यासाठी शहरात आलेला शंभू शेवटी परत जातो, तेव्हा त्या जमिनीवर कारखाना उभा असतो. आणि कुंपणापाशी उचललेली मूठभर मातीही पहारेकरी त्याला टाकून द्यायला लावतो. १९५४ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला पारितोषिक मिळाले. पेंटरांच्या कोल्हापुरात जी गोष्ट सुचली होती, ती रोमची वाट चालून आलेल्या बंगाली माणसाने मुंबईत पुन्हा सांगितली आणि फ्रान्सने तिला मान दिला. ताट सगळीकडे फिरून घरी आले.

काही वेळा मात्र कोणी कोणाचे पाहिलेले नसते, तरी दोन घरांत एकच पदार्थ शिजतो. १९५३ साली जपानच्या ओझूने ‘टोकियो स्टोरी’ काढला. म्हातारे आईबाप मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुले वाईट नाहीत, नुसती कामात आहेत. ती आईबापांना समुद्रकाठच्या विश्रांतिस्थानी पाठवून मोकळी होतात. रजा काढून त्यांना शहर दाखविते ती युद्धात मेलेल्या मुलाची विधवा. पुढच्याच वर्षी आपल्याकडे राजा परांजपे यांचा ‘ऊनपाऊस’ आला; त्यातले शिक्षक आणि त्यांची पत्नी यांची म्हातारपणी मुलांच्या सोयीने ताटातूट होते. ओझूच्या लेखकाला एका जुन्या अमेरिकन चित्रपटाची आठवण होती असे सांगतात. परंतु एकत्र कुटुंबाची वीण उसवू लागली म्हणजे टोकियोत काय आणि पुण्यात काय, आवाज सारखाच येतो. आमच्या वसाहतीत निवृत्तीनंतर सरकारी जागा सोडावी लागते. त्या दिवशी ‘आता कोणाकडे?’ हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहिला, त्यांना हे दोन्ही चित्रपट शेवटपर्यंत पाहणे जड गेले तर नवल नाही.

‘श्यामची आई’ (१९५३) याच सुमाराची. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी काढलेला, वनमालाबाई आणि माधव वझे यांनी अजरामर केलेला हा चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. त्यानंतर पन्नास वर्षांनी संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला (२००४) सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा मान मिळाला. दृष्टी जाणाऱ्या नातवाला जग शेवटचे दाखवून आणणाऱ्या आजोबांची ती गोष्ट ऑस्करसाठी अमेरिकेला जायची, तर पैसा हवा. तेव्हा सामान्य लोकांनीही आपापल्या परीने हातभार लावला.

आणि आता कारकुनांच्या वसाहतीला साजेल असा आमचा स्वतःचा कौल. अकिरा कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२). शहराच्या कचेरीत तीस वर्षे कागदांवर शिक्के मारणारा वातानाबे. कॅन्सर झाला आहे आणि थोडे महिने उरले आहेत, हे कळल्यावर तो प्रथम गुत्ते पालथे घालतो, मग आपल्याच टेबलावर पडून राहिलेला एक अर्ज उचलतो. घाण पाण्याचे डबके बुजवून मुलांसाठी बाग करा, असा वस्तीतल्या बायकांचा तो अर्ज. प्रत्येक खात्याने दुसऱ्या खात्याकडे टोलविलेला हा कागद घेऊन वातानाबे दारोदार फिरतो आणि बाग उभी करतो. बर्फ पडत असताना त्या बागेतल्या झोपाळ्यावर बसून तो गुणगुणतो. चित्रपट येथे संपला असता तर तो बोधपट झाला असता. परंतु कुरोसावा आपल्याला सुतकाच्या घरी नेऊन बसवितो. तेथे कचेरीतली मंडळी साके पिऊन शपथा घेतात की आम्हीही असेच काम करू. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नवा अर्ज येतो, तेव्हा तो पुन्हा दुसऱ्या खात्याकडे जातो. ज्यांची हयात ‘फाइल पुढे पाठविली’ या शेऱ्यात गेली, त्यांना यातले सत्य समजावून सांगावे लागत नाही. सत्तर वर्षांनी, २०२२ मध्ये, इंग्रजांनीही या कथेचा ‘लिव्हिंग’ केला. म्हणजे लंडनच्या कचेऱ्यांतही कागद असेच फिरत असले पाहिजेत.

त्याच कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’ (१९५४) अमेरिकेत जाऊन काउबॉयपट झाला आणि तेथून निघालेली ती घोड्यांची टाप मुंबईत ‘शोले’ (१९७५) होऊन थांबली. गावाने दरोडेखोरांविरुद्ध भाडोत्री शूर आणायचे, ही मूळ कल्पना तीच. पण जय-वीरूच्या दोस्तीचा मसाला आपला. मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. विनोदाचीही तीच तऱ्हा. मुंबईत जागा मिळेना म्हणून दोघे मित्र बायका होऊन राहतात, ही ‘अशी ही बनवाबनवी’ची (१९८८) गोष्ट आधी हिंदीत ‘बीवी और मकान’ म्हणून येऊन गेली होती. परंतु लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांनी आणि वसंत सबनीसांच्या संवादांनी ती इतकी आपली करून टाकली की पाहुणी होती हे कोणाला आठवतही नाही.

हे सगळे आमच्यासारख्यांपर्यंत पोचले कसे? माटुंग्याच्या अरोरा चित्रपटगृहात वर्षानुवर्षे तामिळ चित्रपट लागत. जिन्यावरच्या मामी तेथून परत आल्या की कथा सांगत. गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखविला जाई. पुढे जागा नसली की पोरे पडद्यामागे बसत आणि त्यांना नायक डावखुरा दिसे! १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले आणि जगाचे चित्रपट पाहण्याची, त्यांवर वाद घालण्याची सवय कित्येक मराठी तरुणांना लागली. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन आले; पुढे रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतले चित्रपट दिसू लागले. मल्याळी चित्रपट असला की केरळच्या शेजाऱ्यांना आग्रहाने बोलावून घ्यायचे आणि खालच्या इंग्रजी ओळींवर विश्वास न ठेवता त्यांनाच अर्थ विचारायचा, अशी पद्धत पडली. पुढे २००१ मध्ये जवळच वडाळ्याला घुमटाच्या पडद्याचे आयमॅक्स उघडले, आणि आज खिशातल्या फोनवर साऱ्या जगाचे चित्रपट येऊन बसले आहेत. पण शेजारी बसून अर्थ सांगणारे माणूस मात्र फोनबरोबर मिळत नाही.

आणखी एक गोष्ट या आनंदाच्या दिवशीही सांगितली पाहिजे. आवड टिकते, चित्रपट टिकतोच असे नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, तेव्हा तिकिटांसाठी झुंबड उडाली होती. आज त्याची एकही प्रत नाही. ‘सावकारी पाश’ मूकपटही उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळात तेराशेहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पूर्ण उरले. ती फिल्म ज्वालाग्राही. आगीत जळाली, दमट हवेत कुजली, आणि पुष्कळदा तिच्यातली चांदी काढण्यासाठी लोकांनी ती भंगारात घातली. १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर नावाच्या केरळी गृहस्थाने उरलेसुरले गोळा करण्यात आयुष्य वेचले. फाळक्यांच्या चित्रपटांची रिळे नाशिकला त्यांच्या घराण्यातून मिळवून वाचविली ती यांनीच. मराठी माणसाचा पहिला ठेवा केरळच्या शेजाऱ्याने सांभाळला, हे आम्ही विसरता कामा नये.

म्हणून या दिवाळीत हा वाद जरूर घाला, पण एक वही जवळ घेऊन बसा. घरातल्या वडीलधाऱ्यांना नुसते नाव विचारू नका. तो चित्रपट कोठे पाहिला, बरोबर कोण होते, तिकिटाचे पैसे कोणी दिले, रडू कोठे आले, तेही विचारा आणि लिहून ठेवा. आलम आराचे पडद्यावरचे रूप आता कोणालाच परत आणता येणार नाही. पण तो पाहिलेल्या एखाद्या पणजीने सांगितलेल्या दोन ओळी कोणी त्या वेळी वहीत उतरविल्या असतील, तर तेवढा चित्रपट शिल्लक आहे. मग नातवाचीही पाळी येऊ द्या. त्याचा तो इराणी चित्रपट, एकाच बुटांच्या जोडीत शाळेला धावणाऱ्या भावाबहिणींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७), त्याने आजोबांना लावून दाखवावा आणि शेजारी बसून अर्थ सांगावा. आजोबा ‘संत तुकारामा’वरून हलणार नाहीत हे खरे. पण एक बूट नाल्यात वाहून जाऊ लागला म्हणजे ते खुर्चीच्या कडेला सरकतील, आणि चित्रपट संपल्यावर विचारतील, “यांचा आणखी एखादा आहे काय रे?”